जुनी इलेक्ट्रिक सायकल बंद पडली? कंट्रोलर मागवायच्या आधी हे करा

सायकल बंद पडली की लोक आधी कंट्रोलर मागवतात, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला किती द्यायची ते ठरवणारी पेटी. पेटी बंद, आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून सगळा संशय तिच्यावर. नवा कंट्रोलर येतो, बसतो, आणि सायकल जैसे थे. मग संशय बॅटरीवर, आणि तिथे मात्र खिशाला मोठी कात्री. मी ज्या जुन्या सायकली उघडतो त्यांत बिघाड बहुतेक वेळा सीटखालच्या एखाद्या जोडात, फ्यूजच्या खाचेत, नाहीतर ब्रेकच्या दांडीतल्या चिमुकल्या स्विचमध्ये सापडतो.

माझं मूळ काम सायकलींचं नाही. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर मच्छीमार बोटींची वायरिंग करतो. खाऱ्या हवेत तांब्याची काय दशा होते ते बघण्यातच आयुष्य गेलं. आणि आमच्याकडे सायकलीला सुखाचा रस्ता नाहीच. जयस्तंभाकडून मारुती मंदिराला जायचं तर चढ, जून ते सप्टेंबर पाऊस, उरलेले महिने खारा वारा. शेजारीपाजारी आपल्या सायकली माझ्या दारात आणून उभ्या करतात ते त्यामुळेच.

पुढचे आकडे ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी, २५० वॉट आणि मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारी हब मोटर अशी सायकल धरून दिले आहेत. तुमची २४ किंवा ४८ व्होल्टची असेल तर आकडे त्या प्रमाणात धरा, पद्धत तीच.

साहित्य फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, अॅलन की, वायर सोलायचा चिमटा, २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. मीटरच्या दोन्ही प्रोबना टोकाची दोन-तीन मिलिमीटर सोडून टेप गुंडाळा, म्हणजे दाटीवाटीच्या कनेक्टरमध्ये प्रोब घसरून शेजारच्या पिनेला लागत नाही. अंगठी, कडं, धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवा. ३६ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण लिथियम बॅटरी अंगठीतून शॉर्ट झाली तर अंगठी बोटावरच तापून लाल होते.

मोकळ्या व्होल्टेजवर जाऊ नका

सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: सपाटीवर चालते, चढाला लागली की बंद. बंद करून चालू केली की पुन्हा शंभर पावलं जाते. मालक सांगतो, "बॅटरी ठीक आहे, मीटरने बघितली, ३८ व्होल्ट दाखवते." दाखवणारच. काम नसताना सगळेच ताजेतवाने दिसतात. मोटर १० अँपिअर ओढत असताना किती दाखवते ते बघायला हवं.

आता गंमत अशी की चाक अधांतरी फिरवलं तर मोटर जेमतेम एक-दोन अँपिअर घेते, म्हणजे भार असा पडतच नाही. आणि भार द्यायला ब्रेक दाबावा तर ब्रेकच्या दांडीतला स्विच मोटरची वीज तोडतो. उपाय सोपा आहे. मागच्या ब्रेकच्या दांडीतून येणारी बारीक वायर कंट्रोलरजवळच्या कनेक्टरपाशी तात्पुरती सोडवा. सायकल डबल स्टँडवर घट्ट उभी करा, मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं हवं. एकाने रेस द्यायची आणि हळूहळू ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मीटर वाचायचा. चार-पाच सेकंद पुरेत, चाक पूर्ण थांबेपर्यंत दाबायचं नाही. लुंगी, ओढणी, लांब बाह्या चाकापासून दूर.

वाचायचं काय? आधी बॅटरीच्या तोंडापाशी, मग कंट्रोलरमध्ये शिरणाऱ्या जाड लाल-काळ्या वायरवर. मांडवीच्या बाजूने आलेल्या एका सायकलीचे आकडे सांगतो. मोकळं व्होल्टेज ३८.२. ब्रेक दाबून रेस दिली तेव्हा बॅटरीपाशी ३५.०, कंट्रोलरपाशी ३२.१. बॅटरी ३.२ व्होल्ट खाली आली, हे जुन्या बॅटरीला शोभण्यासारखं. पण बॅटरी ते कंट्रोलर या दोन-अडीच फुटांच्या वायरीत २.९ व्होल्ट गेले कुठे? चढावर अँपिअर आणखी वाढतात, कंट्रोलरपाशी ३१ च्या आसपास आलं की तो "बॅटरी संपली" समजून मोटर तोडतो. बॅटरी बिचारी निम्मी भरलेली असते.

गळती नेमकी कुठे ते काढायला मीटर जोडाच्या दोन बाजूंना लावायचा. डीसी २० व्होल्टची रेंज, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा कंट्रोलरच्या प्लसवर. चांगल्या वायरीत भार असतानाही एक-दोन दशांश व्होल्टच दिसतात. या सायकलीत काळ्या बाजूला ०.३ आणि लाल बाजूला २.६ आले. मग एक प्रोब तसाच ठेवून दुसरा जोडामागून जोड पुढे सरकवत नेला. सीटच्या नळीमागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक पिळाचा जोड होता, सगळी गळती त्याच्यात. १० अँपिअरला २.६ व्होल्ट म्हणजे २६ वॉट, हातातल्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता त्या टेपच्या आत. टेप सोडवताना गोंद चिकट काळा होऊन बोटांना लागत होता, आतले तारांचे धागे बरेचसे हिरवे, काही तुटलेले.

त्याच जोडावर मालकाने आधी कंटिन्युटी, म्हणजे तार सलग आहे का ते, तपासली होती आणि मीटर टुणकन वाजला होता. वाजतोच. मीटर तपासणीसाठी अगदी किरकोळ करंट सोडतो, त्याला एखादा धागा शिल्लक असला तरी पुरतो. बरेचसे मीटर तर २०-३० ओहमपर्यंतही वाजतात. १० अँपिअरच्या रस्त्यावर अर्धा ओहमसुद्धा फार झाला. बीपवर विसंबून जोड पास करू नका.

जोड कसा करायचा

इथे मी जरा हट्टी आहे, बोटींमुळे. वायर कळकली असेल तर नुसतं टोक घासून उपयोग नाही. मीठ आणि ओल धाग्यांच्या मधून इन्सुलेशनखाली वर चढत जाते. टोकाला थोडा हिरवा कळक दिसला तर आत वीतभर वायर काळी पडलेली असू शकते. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत या. काळ्या तारेला सोल्डर धरतच नाही, वर गोळी होऊन बसतो. वायर आखूड पडली तर तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला. कथिलाचा मुलामा असलेली, बोटीत वापरतात ती वायर मिळाली तर उत्तमच.

गोंदवाली स्लीव्ह आधी वायरीत ओवा, मग जोड. हे लिहायचं कारण तुम्हाला कळेल. धागे एकमेकांत गुंफून पिळा, आयर्न खालून लावा आणि सोल्डर वरून, म्हणजे तो धाग्यांत शोषला जातो. स्लीव्ह गरम केल्यावर दोन्ही तोंडांतून गोंदाचं कडं बाहेर डोकावलं पाहिजे. जोड हलणाऱ्या जागी येऊ देऊ नका, पुढेमागे टायने बांधा.

फ्यूजही याच रस्त्यात येतो. सहसा १५ किंवा २० अँपिअरचा, बॅटरीच्या पेटीत किंवा तिच्या तोंडाशी. फ्यूज चांगला आणि खाच खराब ही जोडी फार आढळते: पात्याजवळचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी, वितळल्यासारखं दिसलं की खाचच बदला. फ्यूजच्या जागी तार किंवा चॉकलेटची चांदी लावणाऱ्याला मी सायकल परत देतो, काम घेत नाही.

काहीच लागत नाही तेव्हा

डिस्प्ले नाही, दिवा नाही, मोटर नाही. कंट्रोलरच्या जाड वायरीवर ३६-४० व्होल्ट येतंय का बघा. येत असेल तर जाड वायरी सोडा आणि बारीक लाल वायर शोधा, जी चावीच्या स्विचमधून किंवा डिस्प्लेमधून फिरून कंट्रोलरकडे परत येते. तिच्यावर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज आल्याशिवाय कंट्रोलर जागाच होत नाही. चावीचा स्विच पावसात आतून गंजतो, आणि हँडल वळताना जिथे वायरिंग दुमडतं तिथे ही वायर आतल्या आत तुटते. बाहेरून रबर शाबूत असतं, पण बोटांनी चाचपलं की तेवढाच भाग लुळा लागतो.

डिस्प्ले लागतो पण मोटर ढिम्म, तर पहिला संशयित ब्रेकचा स्विच. दोन्ही दांड्यांच्या वायरी सोडवून बघा. मोटर चालली तर एक स्विच आत चिकटलाय. दोन मिनिटांचं काम, पण लोक हे सोडून बाकी सगळं करतात.

मग रेस. तिच्या तीन वायरी: लाल, काळी आणि सिग्नलची. कनेक्टर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने प्रोब घुसवा. लाल-काळीत ५ व्होल्टच्या आसपास हवेत, सिग्नलवर रेस सोडलेली असताना ०.८-०.९ आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चार. रेस सोडलेली असतानाही सिग्नल वरच अडकला असेल तर आतलं चुंबक निसटलंय किंवा पाणी शिरलंय. बरेच कंट्रोलर अशा वेळी मुद्दाम मोटर सुरू करत नाहीत, आणि ते आपल्या भल्याचं आहे.

त्या ५ व्होल्टबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. रेस, पायडलचा सेन्सर (पायडल फिरतंय का ते ओळखणारा) आणि मोटरमधले हॉल सेन्सर (त्यांच्याबद्दल पुढे) हे सगळे बहुधा एकाच ५ व्होल्टवर जगतात. एकाने शॉर्ट केलं की सगळे उपाशी. म्हणून ५ व्होल्ट दिसत नसतील तर मीटर तिथेच लावून ठेवा आणि एकेक कनेक्टर काढत जा. जो काढल्यावर ५ परत उगवतात, बिघाड त्याच्या बाजूला. तिन्ही काढूनही आले नाहीत, तर मात्र कंट्रोलर.

पायडलचा सेन्सर किरकोळ आहे. चुंबकांची चकती आणि सेन्सर यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर, मध्ये चिखल नको, चकती उलटी बसवलेली नको. आमच्या तांबड्या मातीचा थर तिथे सिमेंटसारखा बसतो. जुन्या टूथब्रशने काढा.

मोटर गुरगुरते, धक्के देते

रेस दिली की चाक थरथरतं, पायाने ढकललं की कधी चालू लागतं. हे हॉल सेन्सरचं लक्षण. मोटरमध्ये असे तीन सेन्सर असतात आणि ते रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कुठे आहे हे कंट्रोलरला सांगतात. त्यांचा पाच वायरींचा कनेक्टर जोडलेला ठेवा, सायकल चालू करा, काळा प्रोब काळ्या वायरीवर, लाल प्रोब पाळीपाळीने पिवळ्या, हिरव्या आणि निळ्यावर. चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. प्रत्येक वायरीवर व्होल्टेज शून्य आणि ५ यांत उड्या मारायला हवं. एक वायर एकाच आकड्यावर गप्प बसली तर तीच आजारी. आत गियर असलेली छोटी मोटर असेल तर चाक उलटं फिरवा. सुलटं फिरवलं की ते फ्रीव्हीलवर नुसतं घरंगळतं आणि तुम्हाला वाटतं तिन्ही सेन्सर मेले.

पण मोटर उघडण्याआधी अॅक्सलच्या टोकापाशी वायर जिथे आत शिरते तिथे बघा. सायकल त्या बाजूवर पडली की वायर तिथेच चेमटते. आणि अॅक्सलचा नट ढिला असेल तर भार पडताच अॅक्सलच फ्रेमच्या खाचेत फिरतो आणि वायरीला पीळ घालतो. नट दोन्ही बाजूंनी गच्च, चपटी वॉशर जागेवर, शक्य असेल तर अॅक्सल धरून ठेवणारी लोखंडी पट्टी लावा. बहुतेक कंट्रोलरना मोटरच्या तीन जाड वायरी आतल्या आत शॉर्ट झालेल्या अजिबात सोसत नाहीत.

त्या तीन वायरींची तपासणी मीटरशिवायही होते. बॅटरी काढा, तिन्ही वायरी कंट्रोलरपासून सोडवा, चाक फिरवा (गियरवाली मोटर असेल तर उलटं). मोकळं फिरायला हवं. मग कुठल्याही दोन टोकांना एकत्र धरून फिरवा: आता चाक अडतं, खडखड लागतं. तिन्ही जोड्यांना सारखंच अडलं तर मोटर ठणठणीत. वायरी सोडवलेल्या असतानाही अडत असेल तर शॉर्ट मोटरमध्ये किंवा अॅक्सलपाशी. जोडल्यावरच अडत असेल तर कंट्रोलरमधला एखादा मॉस्फेट (मोटरला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेलाय.

कंट्रोलरची खात्री अशी करा. बॅटरी काढून दोन मिनिटं थांबा, आतले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होऊ द्या. मीटर डायोडच्या खुणेवर. काळा प्रोब कंट्रोलरच्या बॅटरी-प्लसवर, लाल प्रोब तिन्ही जाड वायरींवर एकेक करून. मग लाल प्रोब बॅटरी-मायनसवर आणि काळा त्या तिन्हींवर. सहाही वेळा ०.४ ते ०.६ च्या दरम्यान, एकमेकांशी जुळणारे आकडे यायला हवेत. एखादा शून्य आला तर आता खुशाल नवा कंट्रोलर मागवा. तेवढ्याच व्होल्टेजचा आणि अँपिअरचाच मागवा. जास्त अँपिअरचा लावला तर जुन्या जोडांचे हाल होतातच, शिवाय मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो म्हणूनच या सायकलीला लायसन्स-नंबरप्लेट लागत नाही, ती सवलतही जाते.

बॅटरी

लिथियम बॅटरीत १० सेलगट एकामागे एक असतात. पूर्ण भरल्यावर ४२.०, निम्म्यावर ३६-३७, तेहतीसच्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करून ४१ च्या पुढे जात नसेल, किंवा भार पडताच सात-आठ व्होल्टने कोसळत असेल आणि जोड सगळे स्वच्छ असतील, तर दोष बॅटरीतच आहे. सहसा दहातला एकच गट म्हातारा झालेला असतो. तोच आधी तळाला जातो, बीएमएस (बॅटरीची राखण करणारं तिच्या पेटीतलं सर्किट) त्याच्यापायी सगळी बॅटरी बंद करतो आणि बाकीच्या नऊ गटांत माल शिल्लक राहतो.

पेटी उघडायची तयारी असेल तर बीएमएसवरच्या ११ वायरींच्या पांढऱ्या कनेक्टरवर लागोपाठच्या दोन-दोन पिनांत मोजा. चार्ज झाल्यावर सगळे गट ४.१-४.२ वर, एकमेकांपासून फार तर पाच-सहा शतांशांच्या फरकात हवेत. एखादा दोन व्होल्टच्या खाली गेलेला दिसला तर त्याला बाहेरून चार्ज देऊन उठवायच्या भानगडीत पडू नका. असा सेल आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. बीएमएस बायपास करून "तात्पुरती चालू" करणारे कारागीर भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. पेटी फुगलेली असेल, गोडसर नेलपॉलिशसारखा वास येत असेल किंवा बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती घरात ठेवायचीच नाही. जुनी बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, नवी घेताना जुनी दुकानदाराच्या हवाली करा.

शिशाच्या बॅटऱ्या असतील तर काम सोपं. १२ व्होल्टच्या तीन ओळीने जोडलेल्या असतात, प्रत्येकीवर भार असताना मोजा. दोन बारावर टिकल्या आणि एक साडेदहाच्या खाली गेली तर तीच गुन्हेगार. मात्र नव्या एकीला दोन जुन्यांच्या गळ्यात बांधू नका, तिचंही लवकरच वाटोळं होतं.

चार्जर लावला की लगेच हिरवा दिवा आणि बॅटरी रिकामीच? मोकळ्या चार्जरच्या टोकाशी ४२ व्होल्ट बघा. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय काहीच देत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा. ४२ असतील तर दोष चार्जिंगच्या सॉकेटमध्ये किंवा पेटीतल्या चार्जिंगच्या फ्यूजमध्ये. गोल सॉकेटची मधली पिन सैल होऊन काळी पडते. चार्जर स्वतः उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट थांबलेले असतात. आणि चार्जिंग जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी नको, रात्री झोपून तर नकोच.

बंद करताना

कंट्रोलरच्या पेटीच्या वायरी खालच्या बाजूने निघाल्या पाहिजेत, आणि प्रत्येक वायर आत शिरण्याआधी थोडी खाली लोंबती हवी, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत ओघळत नाही. कनेक्टरच्या पिना स्वच्छ करून पुसटशी व्हॅसलिन लावा. पेटी सिलिकॉनने ठासून बंद करू नका, खाली एक बारीक भोक राहू द्या, दमट हवेचं आत पाणी होतं ते निघायला. आणि सिलिकॉन घेताना ट्यूबचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर तो भिंतीला किंवा बाथरूमला ठीक, तांब्याला तो खातो. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या.

भाराच्या चाचणीसाठी सोडवलेली ब्रेकची वायर परत जोडा. चाक अधांतरी ठेवून रेस द्या आणि दोन्ही दांड्या एकेक करून दाबून बघा. दांडी जरा हलताच मोटरची वीज तुटली पाहिजे. दोन्हींतल्या एकीने जरी तुटली नाही तर सायकल अंगणाबाहेर काढू नका.